आधी आम्हाला मोजा, मग आमचे नमुने न्या

प्रति,
किरणोत्सर्ग आणि कॅन्सर यांच्या नात्यावर देशोदेशी मिळून काम करणारे संशोधक, त्यांच्या प्रस्तावांना मंजुरी देणारी दिल्लीतली छाननी समिती, आणि कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांची आरोग्य खाती

सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यातला एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन. ३१ वर्षं एकच वाक्य तीन भाषांत म्हणत आलो. ‘श्वास घ्या, धरा, सोडा.’ ‘उसिर तगोरी, हिडकोरी, बिडरी.’ ‘सांस लो, रोको, छोडो.’ पेशंट दारातून आत येताना त्याची टोपी नाहीतर तिच्या साडीचा काठ बघून कोणती भाषा काढायची ते ठरवायचो. अंदाज चुकला की पेशंट हसायचा, आणि हसला की छातीची फिल्म हलायची. मग परत काढा. परत काढायची म्हणजे परत एक्सपोजर. सीमाभागात भाषा चुकली तर काय होतं हे आम्हाला विचारा, असं आम्ही डार्करूममध्ये चेष्टेनं म्हणायचो.

ज्या किरणांच्या शेजारी जन्म काढला त्यांच्याबद्दल मला कामापुरतंच ठाऊक होतं. किती केव्ही, किती एमए, किती सेकंद, झालं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हापासून तुमचे अभ्यास वाचतोय, अडलं की ओळखीच्या डॉक्टरांना विचारतोय. सगळं समजतं असं म्हणणार नाही. पण जेवढं समजलं त्यावरून तुमच्याकडे एक मागणी आहे: आमच्या सीमाभागासाठी कॅन्सरची एक सामाईक नोंदवही. आणि ती मागणी आमच्या मास्तरांपासून सुरू होते.

मास्तर म्हणजे मला हे काम शिकवणारे सिनियर. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, आवडायचं नाही. आम्ही होतो त्या दवाखान्याचंही लिहीत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच चालायचं. दोन माणसांत एक लेड अ‍ॅप्रन, तोही मधोमध चिरलेला. लेड अ‍ॅप्रनची घडी घालायची नसते, तो टांगून ठेवायचा असतो. आमच्याकडे टांगायला खुंटी नव्हती. छातीवर लावायचे टी.एल.डी. बॅज होते. तुमच्या अंगावर किती किरण पडले ते हा बिल्ला साठवून ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तो वाचायला पाठवायचा असतो. आमचे बिल्ले बहुतेक वेळ टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायचे, कारण हरवला तर पगारातून पैसे कापत. त्यामुळे तीन महिन्यांनी जो अहवाल यायचा तो ड्रॉवरच्या तब्येतीचा. ड्रॉवर अगदी ठणठणीत होता.

लहान मूल आलं की त्याला कुणीतरी धरावं लागतं. आईला दिवस गेलेले असतील तर ती नको, मावशी दुसऱ्या वॉर्डात. मग मास्तर स्वतः मुलाचे दोन्ही हात डोक्यावर धरून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, ‘तू बटण दाब.’ असं किती वेळा झालं याचा हिशेब नाही. माझं लग्न व्हायचं होतं म्हणून ते मला काचेच्या मागं ठेवायचे, हे मला फार उशिरा कळलं.

५८ व्या वर्षी मास्तरांना रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिली तपासणी बेळगावात, मग मिरज, मग मुंबई. शेवटचे दीड महिने घरी. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. हृदयक्रिया तर सगळ्यांचीच बंद पडते. दाखला लिहिणाऱ्याला दोष देत नाही, रात्री दोनला बोलावलेल्या माणसानं आणखी काय लिहायचं. पण परिणाम असा झाला की मास्तरांचा कॅन्सर त्यांच्या जिल्ह्याच्या खात्यात कुठंच चढला नाही.

दिवस झाल्यावर काकींनी मला विचारलं, ‘हे एक्स-रेनंच झालं काय रे?’ मला उत्तर देता आलं नाही. आता इतकं वाचून झाल्यावर एवढं कळलंय की एका माणसापुरतं हे उत्तर तुमच्यातला कुणीच देऊ शकत नाही. किरणांमुळे झालेला कॅन्सर आणि आपोआप झालेला कॅन्सर यांच्या अंगावर वेगळा शिक्का नसतो. आपल्या देशात दर नऊ माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होईल असा आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचाच अंदाज आहे. एवढ्या मोठ्या ढिगात किरणांनी घातलेली थोडीशी भर ओळखायची, म्हणजे भाताच्या पोत्यांनी भरलेला ट्रक काट्यावर चढवून त्यात कुणी पसाभर भात जास्त टाकलाय का हे सांगण्यासारखं आहे. एका ट्रकवर ते कळत नाही. हजारो ट्रक, सगळे एकाच काट्यावर, वर्षानुवर्षं तोलले तर कळतं. म्हणून तुम्हाला देशोदेशी हातमिळवणी करावी लागते. ही गोष्ट आमच्या लोकांना कुणी सोप्या शब्दांत सांगत नाही, आणि मग परदेशी संशोधन म्हटलं की लोक म्हणतात, आमच्यावर प्रयोग करायला आले.

हजारो ट्रक तोलून काय निघालं ते मी वाचलंय. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या अणुउद्योगातल्या ३ लाख ९ हजारांवर कामगारांचे बिल्ल्यांचे आकडे आणि मृत्यूची कारणं एकत्र जोडली, तेव्हा वर्षानुवर्षं थोडं थोडं मिळणारं रेडिएशनसुद्धा निरुपद्रवी नाही हे दिसलं. युरोपातल्या ९ देशांनी लहानपणी सीटी स्कॅन झालेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास मुलांचा माग काढला. फ्रान्समधल्या लियॉं शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्याच्या मध्यभागी होती. २०२३ साली निष्कर्ष आला: स्कॅन झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढच्या १२ वर्षांत रक्ताचे कॅन्सर एक-दोन जास्त. आकडा छोटा आहे, आईबापांनी घाबरून गरजेचा स्कॅन टाळावा असा नाही. पण ‘सर, एकदा सीटी करूनच टाका की’ म्हणणाऱ्या आमच्या पाहुण्यांना दाखवावा असा नक्की आहे.

माझं मन मात्र अडकलं ते अमेरिकेतल्या एक्स-रे टेक्निशियनांच्या अभ्यासात. १९८२ साली सुरू झालेला, १ लाख ४६ हजार माणसांचा. आमच्याच जातीची माणसं. १९५० च्या आधी ज्यांनी काम केलं त्यांच्यात रक्ताचा कॅन्सर जास्त दिसला, कारण तेव्हा फारसं संरक्षण नव्हतं. आणि त्याच अभ्यासात आणखी एक ओळ आहे: ज्यांनी एक्स-रे काढताना पेशंटला ५० किंवा त्याहून जास्त वेळा हातांनी धरलं होतं, त्यांच्यातही धोका वाढलेला दिसला. ही ओळ वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. ५० वेळा! मास्तरांची पन्नाशी एका पावसाळ्यात भरत असेल, पोरांच्या न्यूमोनियाच्या दिवसांत. तरीही यावरून काकींना ‘होय’ असं सांगता येत नाही, हे मला कळतं. पण काकींसारख्यांच्या प्रश्नाची किमान नोंद तरी होते, उत्तर शोधायला कुणीतरी बसतं, हे तिथं झालं. आमच्याकडे मास्तर कुठल्याच बेरजेत नाहीत.

आता मूळ मुद्द्याला येतो.

६ आणि ९ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमा आणि नागासाकीवर बॉम्ब पडले. त्यातून वाचलेल्यांची पाहणी अमेरिकेनं १९४७ पासून सुरू केली. १९७५ पासून ते काम ज्या प्रतिष्ठानाकडे आहे ते अमेरिका आणि जपान अशी दोन्ही सरकारं मिळून चालवतात, पैसाही दोघांचा. म्हणजे ज्यानं बॉम्ब टाकला तो आणि ज्याच्यावर पडला तो, दोघं मिळून एक वही लिहितात. १ लाख २० हजार माणसांची ती वही आज जगातल्या प्रत्येक एक्स-रे खोलीच्या नियमांमागं उभी आहे. आमच्या अंगावर वर्षाला सरासरी २० मिलीसीव्हर्टपेक्षा (हे अंगावर पडलेले किरण मोजायचं माप) जास्त पडू नये हा नियम बऱ्याच अंशी तिथल्या मेलेल्या-वाचलेल्यांच्या हिशेबातून आलेला आहे.

आणि आम्ही? बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यामध्ये बॉम्ब पडलेला नाही. एसटी जाते तेव्हा सव्वादोन-अडीच तासांचा रस्ता. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या पोरी करतात, एकमेकांच्या यात्रांना जातात. पण कॅन्सरची एक सामाईक वही लिहायला दोन राज्यांना जमलेलं नाही. सीमाप्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात कधी लागायचा तो लागो, २००४ पासून दावा पडून आहे. मी मराठी माणूस आहे, माझं मत काय असेल ते सांगायला नको. पण गाठ कुठल्या राज्यात वाढली याच्यावर तिचा इलाज ठरत नाही आणि तिची मोजणीही ठरू नये.

इथला पेशंट कसा पांगतो ते बघा. खानापूरचा गोव्याला बांबोळीला जातो, नाहीतर हुबळीला. निपाणीचा कोल्हापूरला. अथणी-कागवाडचा मिरज-सांगलीला. ज्याची ओळख आहे तो मुंबईला टाटात, ज्याला आमदाराची चिठ्ठी मिळाली तो बंगळूरला किडवाई कॅन्सर संस्थेत. एकाच जिल्ह्याच्या फायली तीन राज्यांत. २०२३ साली महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकात केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी बघितलं. पेशंटला पैसे कुणी द्यायचे यावर दोन सरकारं भांडली. त्या पेशंटला नोंदवायचं कुणी, यावर भांडायलासुद्धा कुणी आलं नाही.

नोंदणीचा नियम तसा सरळ आहे. लोकसंख्येवर आधारलेल्या कॅन्सर नोंदणीत माणूस कुठं मेला किंवा कुठं ऑपरेशन झालं हे धरत नाहीत, तो कुठं राहतो ते धरतात. पण राहतो कुठं हे कागदावर येईपर्यंत काय काय होतं ते मी खिडकीच्या आतून बघितलंय. आमच्या तालुक्यात कंग्राळी बुद्रुक आहे आणि कंग्राळी खुर्दही आहे. फॉर्म भरणारा घाईत नुसतं ‘कंग्राळी’ लिहितो. येळ्ळूरचं स्पेलिंग मी चार तऱ्हेनं बघितलंय. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हापासून जिल्ह्याचंच नाव दोन तऱ्हेनं लागतं. पाटील तर दोन्ही भाषांत पाटीलच, गावात शंभर. बाईचं आडनाव माहेरचं की सासरचं हे सोबत आलेल्या माणसावर. वय ‘साठ-पासष्ट लिहा की’. मराठीत सांगितलेलं नाव कन्नडमध्ये लिहिलं, तिथून इंग्रजीत गेलं, आणि मुंबईत पोचेपर्यंत ते दुसऱ्याच माणसाचं झालं. दोन नोंदवह्या जोडताना ही माणसं एकतर दोनदा मोजली जातात नाहीतर एकदाही नाही. तुमच्या संगणकाच्या मोठमोठ्या रीती इथं येऊन एका कंग्राळीवर अडतील, सांगून ठेवतो.

कैगाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र इथल्या लोकांना खोटं वाटेल. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी’ अशी घोषणा देतच आमची पिढी वाढली. त्यातल्या कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी, कैगाचा अणुवीज प्रकल्प आहे. २००० साली पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. आता प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार आहेत, आणखी मोठ्या दोन येतायत. खानापूर तालुक्यात कुणाला कॅन्सर निघाला की कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘कैगाचा वारा.’ मी असं म्हणणाऱ्यांतला नाही. व्यवस्थित चालणाऱ्या भट्टीतून शेजारच्या माणसाला मिळणारं रेडिएशन हे जमिनीतून, आकाशातून आपल्याला रोज मिळतं त्याच्या मानानं फार थोडं असतं. जगाची नैसर्गिक सरासरीच वर्षाला २.४ मिलीसीव्हर्ट आहे. पण कट्ट्यावरच्या माणसाला मी काय दाखवून गप्प करू? भट्टी सुरू होण्याआधी इथं किती कॅन्सर होते आणि आता किती, हा आकडा गावपातळीवर हातात असता तर वाद दोन मिनिटांत मिटला असता, कुठल्याही बाजूनं.

आधीचा आकडा नसला की काय होतं ते जपानमधल्या फुकुशिमात दिसलं. २०११ च्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर तिथल्या तीन लाखांच्या आसपास मुलांच्या गळ्याची सोनोग्राफी केली. कॅन्सर भराभर सापडले. बराच भाग निव्वळ बारकाईनं शोधल्यामुळे सापडला असं बहुतेक तज्ज्ञांचं मत, पण त्या आधी मुलांचे गळे असे कुणी तपासले नव्हते, म्हणून आईबापांना ते पटवणं अवघड गेलं. काही मुलांच्या गळ्यावर कदाचित न लागणारी सुरी चालली. २०१८ साली लियॉंच्या संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की अणु अपघातानंतर सरसकट सगळ्यांचे थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, तपासत सुटू नका. म्हणून आमच्याकडे शिबिरं भरवून फोटो काढू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. आम्हाला वही हवी आहे, मांडव नको.

याच्या उलट बाजूला युक्रेनमधलं चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ ला तिथली अणुभट्टी फुटली. तिथं खरोखरच मुलांना थायरॉईडचे कॅन्सर झाले, आणि ते झाले दुधातून. किरणोत्सारी आयोडिन गवतावर पडलं, गाईनं खाल्लं, दूध पोरांनी प्यायलं. २००५ पर्यंत ६,००० च्या वर केसेस, बहुतेक मुलं उपचारानं वाचली. घरच्या म्हशीच्या दुधावर पोरं वाढवणाऱ्या आमच्या लोकांना हे लगेच समजतं. मी सांगून बघितलंय. दूध काही दिवस थांबवलं असतं तर पुष्कळ टळलं असतं, हे ऐकून आमची सून म्हणाली, ‘मग सांगितलं का नाही वेळेवर?’ एवढा एक प्रश्न मी तुमच्या सगळ्या परिषदांसाठी पुढं पाठवतोय.

चेर्नोबिलची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची ऊतींची पेढी. १९९८ मध्ये सुरू झाली. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी फेकून न देता नीट ठेवल्या. युक्रेन आणि रशिया तिचे भागीदार. युरोप, अमेरिका आणि जपानचा पैसा. मूळ गाठीचे तुकडे त्या त्या देशातच राहिले, परदेशी संशोधकाकडे गेला तो पातळ छेद नाहीतर त्यातून काढलेला डी.एन.ए. निदान खरं की खोटं हे अनेक देशांचे पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवायचे. या पेढीतल्या ४४० गाठींचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. रेडिएशनचा डोस जास्त तसे डी.एन.ए.च्या दोन्ही दोऱ्या तुटल्याच्या खुणा जास्त, हे त्यात दिसलं. मी वर लिहिलं की कॅन्सरवर शिक्का नसतो. अजूनही एका गाठीकडे बघून सांगता येत नाही, पण शेकडो एकत्र मांडल्या की पुसटशी खूण दिसू लागते. आज ते दोन देश एकमेकांवर तोफा डागतायत. तरी तेव्हा लिहिलेल्या वहीची पानं कुणी फाडू शकलेलं नाही.

निपाणीकडे येतो, कारण आमच्या भागात रेडिएशन म्हटलं की सगळ्यांची मान कारवारकडे वळते आणि उशाशी काय आहे ते दिसत नाही. तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० नावाचं किरणोत्सारी द्रव्य असतं, हे १९६४ पासून जगाला माहीत आहे. पानावरच्या चिकट लवीवर ते हवेतून साचतं, फॉस्फेट खतातूनही येतं. विडी ओढली की धुराबरोबर फुप्फुसात. तंबाखूतलं हे एकटंच विष आहे असं नाही, त्यात कॅन्सर करणारी रसायनं ढीगभर आहेत, पण हेही आहे. निपाणीच्या वखारीत आणि घराघरांत विड्या वळणाऱ्या बायकांनी आपली हयात त्या पानाच्या धुळीत काढली. त्यांच्यातल्या किती जणींना काय झालं, हे कुणी सलग वीस वर्षं बघायला हवं.

दुसरं रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा वायू, वास नाही रंग नाही, फटीतून घरात येतो. सिगारेटच्या खालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण. युरोपातल्या ९ देशांतले १३ अभ्यास एकत्र केले तेव्हा असं निघालं की घरातल्या हवेत दर घनमीटरला १०० बेक्वेरेल (हे किरणोत्सार मोजायचं माप) रेडॉन वाढला की धोका १६ टक्क्यांनी वाढतो, आणि ओढणाऱ्याला त्याचा फटका कितीतरी पट जास्त. बेळगाव जिल्ह्यात देशनूरच्या बाजूला खडकांत युरेनियम असल्याचं अणुखनिज खात्याच्या माणसांनी नोंदवलेलं आहे. म्हणून तिथली घरं धोक्याची असं मी मुळीच म्हणत नाही. पण पावसाळ्यात चार महिने दारं-खिडक्या लावून, मातीच्या भुईवर झोपणाऱ्या आमच्या घरांत डबीएवढा मोजणी यंत्राचा तुकडा सहा महिने टांगायला काय लागतं? तंबाखू आणि रेडॉन एकाच जिल्ह्यात बघायला मिळणं ही तुमच्या दृष्टीनं संधीच आहे. शब्द कडू वाटेल, पण खरा आहे.

बेळगावला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे लोक गेली कित्येक वर्षं अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या माता-बाल आरोग्याच्या जागतिक जाळ्यात आहेत. त्या जाळ्यात भारतातली दोन ठाणी, बेळगाव आणि नागपूर. बघा, कर्नाटकातलं एक आणि महाराष्ट्रातलं एक, कुणाचं काही बिघडलं नाही. गरोदरपणी थोडी अ‍ॅस्पिरिन दिली तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात, हे सहा देशांतल्या जवळपास १२ हजार बायकांवरून २०२० मध्ये सिद्ध झालं; त्यात आमच्या खेड्यांतल्या लेकी-सुना होत्या. आशाताई घरोघर जाऊन पोट मोजून आल्या. गावात कोण जन्मलं ते जगाला पोचतं, तर कोण कशानं गेलं तेही पोचू शकतं.

आणि मोजणी आधी, संशोधन नंतर, हा क्रम आपल्या देशानंच दाखवलाय. केरळात करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. तिथं १९९० पासून घराघरांत जाऊन रेडिएशन मोजलं, कॅन्सर नोंदवही उघडली, पुढं जपानी शास्त्रज्ञ जोडले गेले. जवळपास ७० हजार माणसांचा दहा वर्षांवर माग काढून २००९ मध्ये सांगितलं की जास्त रेडिएशनच्या वस्तीत कॅन्सर जास्त दिसला नाही. निष्कर्ष भीतीच्या विरुद्ध आला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं तर १९८७ मध्येच देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शीला जमतं ते चिकोडीला का नाही?

तर माझं मागणं असं. बेळगाव जिल्हा आणि त्याला लागून असलेले कोल्हापूर-सांगलीचे तालुके हा मोजणीसाठी एकच मुलूख धरा. नोंद दोन्ही लिपींत ठेवा, गावाला बुद्रुक-खुर्दासकट पक्का आकडी क्रमांक द्या. मिरज, कोल्हापूर, बांबोळी, हुबळी, मुंबई, बंगळूर, जिथं आमचा पेशंट जाईल तिथून त्याची एक ओळ घराकडे परत यायला हवी. आमच्यासारख्या एक्स-रेवाल्यांच्या बिल्ल्यांचे आकडे मुंबईत भाभा केंद्राच्या डोस नोंदणीत जमा असतात. ते या वहीला जोडा, आणि जोडताना आमच्या ड्रॉवरची कथा लक्षात ठेवा. नुसत्या आकड्यांवर विश्वासू नका, माणसांना बोलवून विचारा: बॅज खरंच लावत होता का, पोरांना कोण धरायचं. हयात असलेले जुने टेक्निशियन आता बोटावर मोजण्याएवढे आहेत आणि ते खरं सांगतील, कारण आता पगार कापायला कुणी नाही.

छाननी समितीला एक वेगळं सांगायचं आहे. हिरोशिमात सुरुवातीच्या अमेरिकी पथकाबद्दल तिथले लोक आजही म्हणतात, आम्हाला तपासलं पण औषध दिलं नाही. तो डाग पुसायला पुढच्यांना फार वर्षं लागली. तेव्हा परदेशी पैसा येणाऱ्या कुठल्याही प्रस्तावावर सही करताना एवढं बघा की ज्याच्यात रोग सापडेल त्याच्या उपचाराची वाट त्याच कागदात लिहिलेली आहे. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत असू दे, आणि वाचून दाखवणारा माणूस दोन्ही बोलणारा. गाठी इथंच राहू देत. आणि निकाल लागला की आधी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर सांगा, मग मासिकात छापा. मला इंग्रजी अहवाल वाचायला डॉक्टरांच्या पाया पडावं लागतं, काकींना तर तेही शक्य नाही.

दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना मी फार काही सांगत नाही. पाटी कुठल्या भाषेत लावायची यावर तुमचं भांडण झालं तर कृपा करून पाटीच लावू नका, काम सुरू करा.

माझा शेवटचा बॅज अजून माझ्याकडे आहे. परत द्यायचा राहिला. नंबर वाचता येतो. कुणी आलंच तर देईन, आणि मास्तरांच्या घरीही घेऊन जाईन. काकी अजून त्याच घरात राहतात, त्यांच्या जुन्या फायली पत्र्याच्या पेटीत आहेत. फक्त आषाढ-श्रावणात येऊ नका, भाताच्या लावणीत कुणी घरी सापडत नाही. दिवाळी झाली, सुगी उरकली की या. आणि येताना कन्नड येणारा एक माणूस बरोबर आणा. माझी कन्नड ‘उसिर तगोरी’च्या पुढं फारशी जात नाही.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
बेळगाव तालुका